वाख, पीळ आणि खळ

घायपाताच्या १ किलो पात्यांतून हाताने खरवडून ३० ते ३५ ग्रॅम वाख, म्हणजे दोर वळायचे तंतू, निघतो. बाकी सगळं पाणी आणि गर. बैलाच्या सहा हाती दाव्याला साधारण २८० ग्रॅम वाख लागतो, म्हणजे एका दाव्यामागे आठ-नऊ किलो पाती खरवडायची. हा हिशेब आधी मांडलेला बरा. दोन पाती तोडून आणून "चला, दोर वळू" म्हणणाऱ्याची पुढची निराशा टळते. दोरी काय, डिंक काय, चिकटवायची खळ काय, या सगळ्यांत हाताला शिकायचं ते एकच: पाणी किती आणि केव्हा. दोरीत ते आधी काढायचं, मग थोडंसं परत द्यायचं, मग पुन्हा काढायचं. चिकटवायच्या कामात ते घालायचं आणि निघून जाईपर्यंत थांबायचं. आमचं काम जिथे जिथे फसलं तिथे बहुतेक वेळा पाण्याचाच अंदाज चुकला होता.

हे सगळं आम्ही चैत्र-वैशाखात केलं. तोच काळ सोयीचा. चिंच फोडून झालेली असते आणि चिंचोके पोत्यात पडून असतात, बाभळीला डिंक फुटलेला असतो, वाख एका दिवसात कडक वाळतो. शिवाय पुढे बेंदूर-पोळ्याला नवी वेसण, नवा कासरा लागतोच.

कुठे घायपात म्हणतात, कुठे केकताड. झाड मूळचं मेक्सिकोकडचं. बांधाला आणि रेल्वेच्या रुळांकडेला कुंपण म्हणून लावलं आणि इथलंच झालं. आपल्याकडे दोन तऱ्हा सहज दिसतात. एक राखी-निळसर, रुंद पात्याचं, काठाला करवतीसारखे काटे असलेलं. दुसरं हिरवं, तलवारीसारखं सरळ, काठ जवळजवळ गुळगुळीत आणि टोकाला एकच काळा काटा. वाखासाठी दुसरं सरस. पातं कमी मांसल, वाख लांब आणि एकसारखा. रुंद पात्याच्या घायपातातूनही वाख निघतो, पण गर इतका की मेहनत दुप्पट होते.

पाती घ्यायची ती बाहेरची, खालची, निदान दोन हात लांब. मधली कोवळी पाती घेतली तर वाख रेशमासारखा दिसतो आणि पीळ द्यायला गेलं की पटापट तुटतो. पिवळी पडलेली किंवा बुंध्याशी वाळलेली पाती टाळायची, त्यांचा गर आतल्या आत चिकटून बसलेला असतो. एका झाडाची दहा-बारा पाती काढावीत आणि वीसेक तरी झाडावर ठेवावीत, नाहीतर पुढच्या वर्षी पाती वीतभरच वाढतात. मधून खांबासारखा फुलांचा दांडा वर आलेला दिसला की ते झाड आता मरणार. घायपात एकदाच फुलतं. त्याची चांगली पाती तेव्हा लगेच काढून घ्यावीत.

आता खाज. पात्याच्या रसात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि फेस आणणारी द्रव्यंही. मनगटाच्या आतल्या बाजूला, कोपरात, मानेवर रस लागला की लाल चट्टे उठतात. पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा, हाताला आधी खोबरेल तेल चोळायचं आणि घाम पुसायला हात तोंडाकडे न्यायचा नाही. डोळ्यात रस गेला तर काम तिथेच थांबवून भरपूर पाण्याने डोळा धुवायचा. कोयत्याने पातं बुंध्याशी कापलं की पहिलं काम टोकाचा काटा उडवायचं. हे विसरलं की तोच काटा दहा मिनिटांनी तळहातात शिरतो.

कापलेलं पातं त्याच दिवशी खरवडायचं. रात्रभर ठेवलं तर ते थोडं मऊ पडतं, त्यामुळे सोपं जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. गरातलं पाणी कमी झालं की तो वाखाला सरसासारखा धरून बसतो.

पद्धत अशी. पातं उभं चिरून दोन-दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या करायच्या. सपाट दगडावर ठेवून लाकडी मोगरीने ठेचायच्या, पण अंदाजाने. वरची हिरवी साल फुटून पाणी निथळायला लागलं की पुरे. जोर लावून कुटलं तर वाखच ठेचला जातो आणि पुढे दोरी नेमकी तिथे तुटते. मग दोन हात लांबीची फळी भिंतीला तिरकी टेकवायची, पट्टी तिच्यावर धरायची, निम्म्यापासून एका टोकापर्यंत बोथट धारेने गर खाली ओढत न्यायचा. धार बोथटच हवी. विळ्याची पाठ चालते, बांबूची घासून गुळगुळीत केलेली कांबही चालते. धारदार सुरी घेतली तर गराबरोबर वाखही कापला जातो. हात फळीला साधारण ४५ अंशांत धरला की गर लोण्यासारखा सरकतो. उभा धरला तर अडकतो, फार आडवा धरला तर वरून नुसता घसरतो. निम्मी पट्टी साफ झाली की साफ झालेला भाग मुठीला गुंडाळायचा आणि उरलेली निम्मी तशीच करायची. बुंध्याकडचा भाग जाड असतो. तो आधी केला तर हात ताजे असताना अवघड काम उरकतं.

साफ झालंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ओला वाख सगळाच पांढरा दिसतो. दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढून पाहायचा. बुळबुळीत लागला तर गर उरलाय, करकर वाजला तर झालं. तरीही दोन-तीन पाण्यांतून धुवायचा, पिळायचा आणि दोरीवर पसरून उन्हात टाकायचा. गर राहिलेला वाख वाळला की तपकिरी पडतो आणि काडीसारखा ताठ होतो. पीळ घेत नाही, वाकवला की मोडतो. पहिल्या खेपेला आमचा अर्धा वाख असाच निघाला. तो पुन्हा रात्रभर भिजवून खरवडला, पण पहिल्यासारखा झाला नाही.

पाती कुजवूनही वाख काढतात. ठेचून डबक्यात किंवा पिंपात बुडवायची, वर दगड ठेवायचा. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांत गर आपोआप सुटतो. मेहनत कमी, पण वास असा की शेजारी बोलणं टाकतात, आणि ते पाणी ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. दोन-चार दिवस जास्त राहिलं तर कुजवणारे जंतू गर संपवून वाखाकडे वळतात. मग रंग करडा होतो आणि ताकद जाते. आठव्या दिवसापासून रोज एक पट्टी काढून बघायची. गर बोटाने सुटतोय असं दिसलं की त्याच दिवशी सगळं बाहेर.

अंबाडी आणि ताग यांना मात्र कुजवण्याशिवाय इलाज नाही, कारण तिथे वाख सालीत असतो आणि साल काडीला धरून असते. (ताग म्हणजे इथे बोरूचा ताग, हिरवळीच्या खताचा. बंगालकडच्या ज्यूटलाही आपण तागच म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो.) अंबाडी फुलायला लागली की उपटायची. बोंडं भरेपर्यंत थांबलं तर साल राठ होते. पेंढ्या बांधून आधी बुंधे पाण्यात दोन दिवस उभे ठेवायचे, मग सगळी पेंढी आडवी बुडवायची, कारण बुंधा जाड असतो आणि त्याला वेळ जास्त लागतो. कोकणात याहून सोपी सोय आहे. केवणीची, म्हणजे मुरुडशेंगेची, ओली साल फांदीवरून सोलली की गवताचा भारा बांधायला तशीच चालते. आपट्याची सालही तशीच. पळसाच्या मुळांचा वाख चिवट असतो, पण मूळ काढायला झाड दुखवावं लागतं, म्हणून त्या वाटेला आम्ही गेलो नाही. नारळाच्या काथ्याचं गणित निराळंच. हिरवी सोडणं, म्हणजे नारळाच्या साली, खाडीच्या पाण्यात कित्येक महिने मुरवावी लागतात, तेव्हा कुठे सुंभ वळता येतो.

वाळलेला वाख झाडून, मोठ्या दातांच्या फणीने विंचरून घ्यायचा. फणीत अडकलेला आखूड वाख टाकायचा नाही, तो भांडी घासायला आणि कुंचा बांधायला येतो. उरलेल्या वाखाच्या मुठी करताना अर्धा वाख उलटा फिरवायचा. बुंध्याकडचं टोक जाड आणि शेंड्याकडचं बारीक असतं. सगळे बुंधे एकाच बाजूला राहिले तर दोरी एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक होते.

आता वळणं. महाराष्ट्रात दोर वळायचं काम पिढ्यान् पिढ्या मुख्यतः मातंग घरांनी केलं. त्यांचा हात बघितला की कळतं, बोटं जे करतात ते शब्दांत सांगायला किती वेळ लागतो. तरी सांगायचा प्रयत्न करतो.

सुतळीएवढ्या दोरीसाठी एका पेडाला वीस-बावीस वाख पुरतात, दोन पेडांना चाळीसेक. वाख आधी किंचित ओला करायचा. बोटं पाण्यात बुडवून त्यावरून ओढली की झालं. कोरडा वाख पीळ धरत नाही, उसळतो, कुसं बाहेर येतात. फार ओला घेतला तर पीळ घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि वाळला की सैल पडतो. मूठभर वाखाची जुडी घ्यायची आणि मधोमध न धरता एक तृतीयांशावर धरायची, म्हणजे एक बाजू लांब, एक आखूड. मधोमध धरली तर दोन्ही पेड एकाच जागी संपतात, दोन्ही जोड एकाच ठिकाणी येतात आणि दोरी तिथेच तुटते.

धरलेल्या जागी दोन्ही हातांनी विरुद्ध दिशेला पीळ द्यायचा. पीळ भरला की जुडी आपणहून आढी घेते, छोटं कडं तयार होतं. ते डाव्या चिमटीत धरायचं. आता समोर दोन पेड आहेत. दूरचा पेड उजव्या हाताने आपल्यापासून दूर पिळायचा, घट्ट झाला की जवळच्या पेडावरून आपल्याकडे आणायचा. आता जो दूरचा झाला त्याला तसाच पीळ, तसाच वेढा. डाव्या हाताची चिमटी दर वेळी पुढे सरकवायची. सगळी गोम एवढीच: प्रत्येक पेडाचा पीळ एका दिशेचा, पेड एकमेकांवर चढतात ते उलट दिशेने. पेड सुटायला बघतो तेव्हा वेढा आवळतो, वेढा सुटायला बघतो तेव्हा पेडाचा पीळ आवळतो. दोघं एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून वळलेली दोरी सोडली तरी उलगडत नाही.

सुरुवातीला दोन चुका हमखास होतात. पहिली, पेडाला पीळ न देता नुसते वेणीसारखे एकमेकांवर टाकणं. सोडलं की दोरी गिरकी घेत उघडते. दुसरी ओळखायला अवघड: एक पेड ताठ सरळ राहतो आणि दुसरा त्याच्याभोवती गुंडाळला जातो. दिसायला ती दोरीच दिसते. पण भार सगळा सरळ पेडावर येतो, तो तुटतो, आणि गुंडाळलेला पेड स्प्रिंगसारखा हातात राहतो. दोन्ही पेडांचा ताण सारखा आहे का हे दर वीतभराला बघायचं. दोरी उजेडात धरली की वेढ्याच्या रेघा दोन्ही बाजूंनी सारख्या तिरक्या दिसल्या पाहिजेत.

जोड कसा द्यायचा यावर दोरीची निम्मी ताकद अवलंबून आहे. पेड चार बोटं उरला की नव्या वाखाचं टोक त्यात सरकवायचं. नवा वाख जुन्याइतकाच, पण टोकाकडे विंचरून निमुळता केलेला. जाड बोथट टोक घातलं की तिथे गाठोडं येतं आणि गाठोड्याच्या लगेच पुढे दोरी बारीक पडते. तुटते ती त्या बारीक जागी. दुसऱ्या पेडाला जोड देताना निदान वीतभर अंतर राहू द्यायचं. बाहेर आलेली टोकं तेव्हाच कापायची नाहीत. दोरी पूर्ण झाल्यावर, एकदा ताणून झाल्यावर कापायची. पहिल्या दिवशी तासाला तीन-चार हात दोरी झाली तरी हात बरा चाललाय म्हणायचं.

वळून झालेली दोरी लगेच वापरायची नाही. पाण्यातून काढायची, दोन खुंट्यांमध्ये ताणून बांधायची, मध्ये एखादी वीट लटकवायची आणि पूर्ण वाळेपर्यंत सोडायची. मग काथ्याच्या मुठीने किंवा खरखरीत कापडाने पिळाच्या दिशेने घासायची, म्हणजे कुसं बसतात. उरलेली कुसं जाळावरून झर्रकन नेऊन जाळता येतात, पण क्षणभर थांबलं की दोरीच जळते. ताणून न वाळवलेली दोरी पहिल्या भाराला वीतभर लांबते आणि मग लोकांना वाटतं वाख वाईट होता.

दाव्यासाठी तीन पेड लागतात आणि दोन माणसं तरी. पेड हिशेबाने लांब घ्यायचे, कारण पिळात आणि वेढ्यात लांबी जाते. सहा हात दावं हवं तर पेड नऊ हातांचे. तिन्ही पेड एका टोकाला तीन आकड्यांना अडकवायचे, दुसऱ्या टोकाला एकाच आकड्याला. तिन्ही आकडे एकाच दिशेने फिरवायचे. पेड आखडत जातात, म्हणून दुसऱ्या टोकाचा माणूस ताण न सोडता हळूहळू पुढे येत राहतो. तो पुढे आला नाही तर पेड तुटतो आणि चार पावलं जास्त आला तर पेडाला आढ्या पडतात. आढी पडलेली जागा हाताने सोडवता येते, पण तिथला वाख मुडपलेला राहतोच. पीळ भरला की तीन खाचा पाडलेला लाकडी ठोकळा तिन्ही पेडांमध्ये, एकेरी आकड्याच्या बाजूला घालायचा आणि एकेरी आकडा उलटा फिरू द्यायचा. पेड ठोकळ्याच्या मागे आपोआप एकमेकांवर चढत जातात आणि ठोकळा पुढे ढकलला जातो. तो ज्या वेगाने जायला बघतो त्याहून थोडा हळू जाऊ द्यायचा, म्हणजे वेढा घट्ट बसतो. इथे एक माणूस तीन आकड्यांवर, एक एकेरी आकड्यावर आणि तिसरा ठोकळ्यावर असेल तर उत्तम. दोघांनी केलं तर ठोकळ्याला लगाम राहत नाही आणि दाव्याचा मधला भाग सैल येतो.

नायलॉनचं दावं बाजारात स्वस्त मिळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं, ते खरं. वाखाचं दावं शेणामुतात कुजतं. पण जनावराच्या मानेला नायलॉन काचतं, आणि गाठ ओली असताना आवळली की सुटता सुटत नाही. वाखाची गाठ कोरडी झाली की बोटाने सुटते.

आता चिकटवायचं. आधी एक गोंधळ दूर करायला हवा. झाडातून गळतं ते सगळं डिंक नसतं. बाभळीचा आणि धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो. राळ पाण्यात विरघळत नाही, ती तापवली की वितळते. शेवग्याचा आणि कढई नावाच्या झाडाचा डिंक तिसऱ्या जातीचा. तो पाण्यात फुगतो, थरथरणारा गोळा होतो, पण एकजीव होत नाही. कागद चिकटवायला तो कामाचा नाही. अनोळखी डिंकाचा वाटाण्याएवढा खडा वाटीभर गार पाण्यात रात्रभर टाकायचा. सकाळी पाणी दाट आणि स्वच्छ झालं तर बाभळीच्या जातीचा, खडा फुगून बसला तर कढईच्या, जसाच्या तसा राहिला तर राळ.

बाभळीचा डिंक करायला सोपा, बिघडवायला त्याहून सोपा. १०० ग्रॅम डिंक फडक्यात बांधून ठेचायचा, २०० मिली गार पाण्यात भिजत टाकायचा आणि बारा तास हात लावायचा नाही. घाईने उकळला तर पातळ होतो आणि पकड कमी होते. सकाळी मलमलीतून गाळायचा, साल आणि किडे वर राहतात. भांडं लोखंडाचं नको. बाभळीच्या सालीचा अंश डिंकात असतोच, तो लोखंडाला लागला की सगळं शाईसारखं काळं होतं. कागदासाठी फिकट खडे निवडायचे, लालसर खड्यांचा डाग पडतो. वाळल्यावर डिंकाचा थर काचेसारखा तडकतो, म्हणून चमचाभर साखर घालतात. ती हवेतला ओलावा धरून ठेवते. मुंग्याही बोलावते. चार-पाच लवंगा उकळून गार केलेल्या पाण्यात डिंक भिजवला तर आठवडाभर बुरशी धरत नाही. वारली चित्रांच्या पांढऱ्या रंगात तांदळाच्या पिठाला धरून ठेवतो तो डिंकच.

पण आमची खरी पसंती चिंचोक्याला. डिंकाच्या मानाने फुकट, आणि कापड, कागद, लोकर सगळ्यांवर बसतो.

चिंचोके आधी पाण्यात टाकायचे, तरंगतील ते किडके, फेकायचे. उरलेले वाळवून कढईत वाळूबरोबर भाजायचे. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. टरफल तडकल्याचे आवाज यायला लागले की एक काढून दगडावर दाबायचा. टरफल सुटून आतली डाळ पिवळट पांढरी दिसली पाहिजे. तपकिरी दिसली तर जास्त भाजले गेले, त्या पिठाची खळ दाट होत नाही. गरम असतानाच उखळात हलके कांडायचे आणि पाखडायचे. १ किलो चिंचोक्यांची ६५० ते ७०० ग्रॅम डाळ निघते. टरफल कसोशीने काढायचं, त्याने खळ लाल होते आणि पांढऱ्या कागदावर डाग उमटतो.

डाळ दगडासारखी असते. कोरडी मिक्सरमध्ये घातली तर पातं बोथट होतं. रात्रभर भिजवायची, पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये थोड्या पाण्याबरोबर गंधासारखी वाटायची. १०० ग्रॅम डाळीला एकूण १ लिटर पाणी, भिजताना डाळीने शोषलेलं धरून. त्यातलं पाव लिटर गारच ठेवून वाटण त्यात कालवायचं, उरलेलं पाऊण लिटर उकळायचं आणि कालवण धारेने त्यात सोडत ढवळत राहायचं. उलट केलं, म्हणजे वाटण तसंच उकळत्या पाण्यात टाकलं, की गोळ्या होतात. गोळीची बाहेरची बाजू शिजून चिकट होते आणि आत पाणी जाऊ देत नाही, म्हणून ती कितीही शिजवली तरी आत कच्चीच. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. आधी पांढरट गढूळ दिसतं, मग हळूहळू तपकिरी झाक येऊन अर्धपारदर्शक होतं आणि पळीवरून तार धरून पडतं. थेंब ताटलीत टाकायचा. पसरून कडेने पाणी सुटलं तर कच्ची, घुमटासारखा उभा राहिला तर झाली. दहा मिनिटांत दाट झाली म्हणून उतरवायचा मोह होतो. तशी उतरवलेली खळ गार झाल्यावर पाणी सोडते आणि चिकटवलेला कागद दुसऱ्या दिवशी उघडतो.

पकड तपासायला खाकी कागदाच्या दोन पट्ट्या चिकटवायच्या, वजनाखाली पाच-सहा तास ठेवायच्या आणि ओढायच्या. कागद फाटला तर खळ चांगली. जोड सुटला तर एक तर खळ कच्ची, नाहीतर फार जाड लावली. जाड थरातलं पाणी बाहेर यायला वाट नसते. बाहेरून वाळतं, आत ओलंच राहतं.

उन्हाळ्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते. चिमूटभर तुरटीने एखादा दिवस वाढतो. जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारी मंडळी, खळीत मोरचूद घालतात, त्याने कसर-वाळवी लागत नाही, पण ते विष आहे. ती खळ स्वयंपाकाच्या भांड्यात करायची नाही आणि मुलांच्या हातात द्यायची नाही. हीच खळ ताकाएवढी पातळ केली की घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, कुंचाने लावतात. लोकरीचे तंतू बसतात आणि ताणा विणताना तुटत नाही. सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचं, कापडही पूर्वी चिंचोक्याच्या खळीनेच कडक करत.

बाकीचं थोडक्यात. मैद्याची खळ सगळ्यांना येते, १ भाग मैदा, ५ भाग पाणी. पिकल्या भोकराचा गर तसाच कागदाला लावता येतो, पाकिटं बंद करायला छान. सरस म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांचा. तो रात्रभर भिजवून भांड्यात भांडं ठेवून तापवायचा आणि कधीही उकळू द्यायचा नाही, उकळला की पकड गेली. लाकडाच्या जोडाला त्याच्याइतकं काही नाही, पण पाऊस लागला की सुटतो.

पाऊस लागणाऱ्या कामाला राळच. खुरप्याची मूठ बसवताना आम्ही राळ ४ भाग, मेण १ भाग आणि वस्त्रगाळ कोळशाची पूड १ भाग घेतली. नुसती राळ वाळल्यावर टिचते. मेण तिला लवचिक करतं, पूड तिला अंग देते. आच अगदी मंद हवी, राळ पेट घेते, म्हणून झाकण जवळ ठेवायचं आणि पेटलीच तर पाणी न टाकता झाकण घालायचं. खुरप्याचा मुठीत जाणारा भाग तापवून घ्यायचा, नाहीतर गार लोखंडाला लागताच राळ गोठते आणि चिकटतच नाही. मुठीच्या भोकात राळ ओतायची, लोखंड घुसवायचं, सरळ धरून गार होऊ द्यायचं.

मग मूठ फुटू नये म्हणून वर दोरीचे वेढे. दोरीच्या टोकाचा लांबट फास मुठीवर आडवा न ठेवता उभा ठेवायचा, त्याच्यावरून शेजारी शेजारी पंचवीस वेढे घट्ट घालायचे, शेवटचं टोक फासातून ओवायचं आणि सुरुवातीचं टोक ओढून फास वेढ्यांखाली निम्म्यापर्यंत घ्यायचा. गाठ कुठेच नाही, हाताला काही टोचत नाही. वर पातळ राळेचा हात.

ही दोरी कोरडीच गुंडाळायची. चामड्याची वादी ओली बांधतात, कारण ती वाळताना आवळते. वाखाची दोरी बरोबर उलटी वागते. भिजली की वाख फुगतो आणि दोरी आखडते, वाळली की पुन्हा लांबते. कोरडे घातलेले वेढे पावसात आणखी आवळतात आणि उन्हात जागेवर येतात. ओले घातलेले वेढे पहिल्याच उन्हात अंगठीसारखे मुठीवर फिरायला लागतात. तसे फिरायला लागले तर वरून राळ थापून उपयोग नाही. सगळे वेढे सोडायचे, दोरी दोन खुंट्यांमध्ये विटेसकट ताणून वाळवायची आणि पहिल्या वेढ्यापासून पुन्हा घ्यायचं.